गुलमोहर लावताय? आधी जागा पाहा, मग रोप

पटकन वाढणारं, भरपूर सावली देणारं आणि दिसायला देखणं झाड हवं, असं कुणी म्हणालं की ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांत पहिलं नाव निघतं ते गुलमोहराचं. निघायलाच हवं. जागा मानवली तर हे झाड सुरुवातीच्या वर्षांत दरवर्षी तीन-चार फूट, कधी त्याहून जास्त उंची घेतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खाली खुर्ची टाकून बसण्याइतकी सावली मिळते आणि ऐन मे महिन्यात, बाकी सगळं करपलेलं असताना, हे लालभडक फुलतं. पण जुलैच्या मोठ्या वाऱ्यात उभ्या गाडीवर आडवं झालेलं झाड कुठलं, असं विचारलं तर बरेचदा हेच नाव ऐकू येतं. मग पुढच्या सभेत कुणीतरी ठराव मांडतं, की आवारातले सगळे गुलमोहर काढून टाका.

माझ्या मते हे दोन्ही उत्साह आवरते घ्यावेत. पडणाऱ्या गुलमोहरांपैकी बरेचसे पहिल्या तीन-चार वर्षांतच बिघडलेले असतात. जागा चुकलेली असते, पिशवीत गुंडाळलेली मुळं तशीच मातीत गेलेली असतात, बुंधा दोन ठिकाणी फुटू दिलेला असतो. पुढे खोडाला टेकवून काँक्रीट केलं की उरलंसुरलं काम पूर्ण होतं. लावतानाच हे टाळलं तर झाड दीर्घकाळ सुखाने राहू शकतं.

त्याचं मूळ समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. गुलमोहर, म्हणजे शास्त्रीय भाषेत डेलोनिक्स रेजिया, हा आपल्याकडचा नाही. तो मादागास्कर बेटावरच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलातला. तिथे ऊन मुबलक, पाऊस मोजका आणि पाण्याचा निचरा चांगला. आपल्याकडे ऊन तेवढंच आहे, पण पाऊस चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. झाडाचं लाकूड हलकं आणि ठिसूळ, मुळं फार खोल न जाता जमिनीच्या वरच्या थरात लांबवर पसरणारी आणि छत्री उंचीपेक्षाही रुंद. अशा झाडाला भिजून सैल झालेल्या मातीत उभं ठेवायचं, हे आपलं काम.

जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पूर्ण वाढलेला गुलमोहर ३०-४० फूट उंच होतो आणि तेवढाच किंवा थोडा जास्तच रुंद पसरतो. त्यामुळे इमारतीपासून किमान २५-३० फूट अंतर हवं. कंपाउंडची भिंत, गटार, जमिनीखालची पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची लाइन यांपासून १५ फूट तरी दूर. दोन गुलमोहरांमध्ये ३० फूट. हे आकडे वाचून पुष्कळ सोसायट्यांच्या लक्षात येईल की आपल्याकडे अशी जागाच नाही. तसं असेल तर गुलमोहर लावू नका. पाच फुटी पट्ट्यात, पार्किंग आणि भिंतीच्या मधे कोंबलेला गुलमोहर आधी पेव्हर ब्लॉक उचलतो, मग भिंतीला तडा देतो आणि शेवटी स्वतःच करवतीखाली जातो. विजेच्या तारांखाली तर विषयच नको.

घोडबंदर रस्त्याकडच्या आणि खारघरच्या नव्या संकुलांत आणखी एक पेच असतो. जी ‘बाग’ दिसते ती पुष्कळदा पार्किंगच्या स्लॅबवर, म्हणजे पोडियमवर असते. वर हिरवळ असली तरी खाली माती तीन-चार फूटच. तिथे मोठं झाड लावणं म्हणजे वॉटरप्रूफिंगशी वैर. पोडियमवर चाफा लावा. गुलमोहर लावायचा तो खऱ्या जमिनीत, जिथे पहार मारली तर खालीही मातीच लागते.

जमीनही सगळीकडे सारखी नाही. येऊरच्या पायथ्याशी मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. मुरूम गुलमोहराला चालतो, पाणी धरून ठेवत नाही हे उलट बरंच. कातळ दोन फुटांवर लागला तर मात्र जागा बदला, कारण मुळांना पकड मिळत नाही. खाडीकडच्या भागात, म्हणजे कोलशेत-बाळकूमची खाडीची बाजू, ऐरोली, वाशी, नेरूळ, सीवूड्स, तिथे बऱ्याच ठिकाणी वरचा थर भरावाचा आणि खाली खाजणाची चिकट, खारी माती. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरट खार फुललेला दिसतो का, हे पाहून ठेवा. थोडा खारेपणा गुलमोहर सोसतो, पण मुळाशी साचलेलं पाणी त्याला अजिबात सोसत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. मे महिन्यात दोन फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जिरलं तर जागा चालेल. तसंच उभं राहिलं तर पर्याय दोन. एक म्हणजे आठ-दहा फूट रुंद आणि दीड-दोन फूट उंच असा मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावणं. दुसरा, आणि मला जास्त पटणारा, म्हणजे झाडच बदलणं. पाणथळ जागेला तामण शोभतं. महाराष्ट्राचं राज्यफूल तेच, कोकणात नदी-ओढ्यांच्या काठाने आपसूक वाढतं आणि उन्हाळ्यात जांभळं फुलतं. वाढीला गुलमोहरापेक्षा जरा सावकाश, पण पावसात धीराचं. खाऱ्या भरावावर करंज लावा. फुलं डोळ्यांत भरणारी नाहीत, सावली मात्र गर्द. जागा अरुंद असेल तर बहावा.

रोप घेताना

घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या नर्सऱ्यांत जूनमध्ये गेलात तर आठ फुटी, फांद्या फुटलेलं, ‘तयार’ झाड दाखवतील. भुलू नका. त्याच्याऐवजी तीन ते पाच फुटांचं, एकच सरळ शेंडा असलेलं, अंगठ्याएवढ्या जाडीचं रोप निवडा. लहान पिशवीत मोठं वाढलेलं रोप म्हणजे मुळांचा गुंता. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं असेल किंवा बुंध्याशी बोट घातल्यावर मूळ खोडाला वेढा घालून बसलेलं लागलं, तर ते रोप परत ठेवा. हा वेढा पुढे झाडाबरोबर जाड होतो आणि खोडालाच आवळतो. दहा-बारा वर्षांनी वाऱ्यात झाड बुडापासून उपटून पडतं, तेव्हा बरेचदा खाली हेच सापडतं.

ओळखही करून घ्या, कारण पिसासारखी बारीक पानं असलेली रोपं लहानपणी सगळी सारखीच दिसतात आणि नर्सरीतल्या पोऱ्यालाही ती नेहमी ओळखता येतातच असं नाही. सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यावर गंजासारखी तांबूस-तपकिरी लव असते. जॅकरंडाची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, गुलमोहराची एकाआड एक. गुलमोहराच्या पानाच्या देठाच्या बुडाशी पिसासारखी दोन इवलीशी उपपर्णं दिसतात. ती दिसली की निर्धास्त घ्या.

बियांपासून करायचं असेल तर तेही अवघड नाही, फक्त एक वर्ष जास्त धरा. काळ्या-तपकिरी, हातभर लांबीच्या वाळलेल्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या मिळतात. मुलं त्यांच्या तलवारी करायच्या आत उचला. बी दगडासारखं टणक असतं, नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. एका कडेला नेलकटरने किंवा खरखरीत पॉलिश पेपरने टरफल जरासं घासा, आतला फिका रंग दिसेपर्यंतच. मग कोमट पाण्यात टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेली बियाच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. मेमध्ये पेरलं तर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतो. पिशवी उंच आणि खोल घ्या, पसरट कुंडी नको. पुढच्या जूनला रोप जमिनीत.

लावणी

मृग लागला म्हणून लगेच फावडं उचलू नका. पहिल्या सरींनी जमिनीचा नुसता वरचा थर भिजतो. हात-दीड हात खोल ओल गेली की लावणी करायची. आपल्याकडे बहुधा आर्द्रा नक्षत्राच्या सुमाराला, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात ही वेळ येते. त्यानंतर पंधरवडाभर मुभा आहे. त्याच्याही पुढे गेलात तर मुळं पसरायला पावसाचे दिवस कमी मिळतात. वृक्षारोपणाचा कार्यक्रम पाहुण्यांच्या तारखेने ठरतो हे मला ठाऊक आहे, पण खड्डा तरी आपल्या सोयीने मेमध्येच खणून उन्हात तापू द्या.

खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा. मुळांचा गोळा जेवढा उंच, तेवढीच खोली आणि रुंदी तिप्पट. तीन बाय तीन बाय तीनचा ठराविक चौकोनी खड्डा मुरमात केला तर त्याची कुंडीच होते. बाजू गुळगुळीत राहतात, मुळं कडेला पोचून आतल्या आत वळतात. म्हणून बाजूंना पहारीने ओरखडे काढा, जमलं तर खड्डा काठाला उथळ होत जाईल असा करा. भरायला त्याच खड्ड्याची माती वापरा, त्यात पाव हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. ताजं शेण घालू नका, त्याने वाळवीला आमंत्रण मिळतं. लाल माती विकत आणून अख्खा खड्डा भरणं हा आपल्याकडचा आवडता खर्च आहे. मला तो व्यर्थ वाटतो, कारण मुळांना शेवटी आजूबाजूच्या जमिनीतच शिरायचं असतं. डेब्रिज निघालं तर मात्र ते उचलून टाका आणि तेवढीच माती बदला.

पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढा. फाडून तशीच खड्ड्यात ठेवण्याची सवय कामगारांना असते, त्यामुळे स्वतः उभे राहा. गोळ्याच्या बाहेरून गोल फिरलेली बारीक मुळं कात्रीने तीन-चार ठिकाणी उभी छाटा. त्याने रोप दगावत नाही, नवी मुळं बाहेरच्या दिशेने फुटतात. आता सगळ्यात महत्त्वाचं माप. खोड जिथे मुळांना मिळतं ती जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच वर राहिली पाहिजे. माती पावसात बसते, दोन महिन्यांत ते आपोआप समपातळीला येतं. खोल पुरलेलं खोड आपल्या पावसाळ्यात बुडाशी कुजतं.

माती पायाने हलकी दाबा, नाचू नका. रोपाच्या दोन्ही बाजूंना, गोळ्याच्या बाहेर, दोन बांबू ठोका आणि सुतळीने आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या. खोड थोडं हललं पाहिजे. वाऱ्यात हलणारं खोडच जाड होतं, घट्ट बांधलेलं काठीच्या भरवशावर बारीक राहतं. वर्षाने बांबू काढा, लोखंडी ट्री-गार्ड असेल तर तोही वेळीच काढा. गार्डच्या सळईत रुतलेली खोडं आपल्या रस्त्यांवर शोधावी लागत नाहीत.

आळ्याबद्दल एक गोष्ट कोकणातल्या पावसाची म्हणून वेगळी. लावणीनंतर लगेच आळं करू नका. पावसाळाभर बुंध्याकडून बाहेर असा हलका उतार ठेवा, पाणी वाहून जाऊ द्या. आळं दसऱ्यानंतर करायचं, पुढच्या मेअखेर पुन्हा मोडायचं.

पहिली दोन वर्षं पाणी

झाडं मरतात ती पावसाळ्यात नव्हे, दिवाळीनंतर. कार्यक्रमाचे फोटो झालेले असतात, ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असतं आणि पाणी कुणी घालायचं हे ठरलेलं नसतं. लावतानाच माळ्याशी किंवा वॉचमनशी बोलून हे नक्की करा. पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे आठवड्यातून दोनदा, एका वेळी १५ ते २० लिटर, सावकाश. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा, पण पाणी वाढवून आणि आळंही मोठं करून. तिसऱ्या वर्षी फक्त एप्रिल-मेमध्ये, पंधरा दिवसांनी एकदा. रोज थोडं थोडं पाणी दिलं तर मुळं वरच रेंगाळतात, आणि याची मुळं आधीच वर राहणारी.

खाडीजवळच्या बोअरवेलचं पाणी मचूळ असेल तर रोपाला ते देऊ नका. सोसायटीच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर झाड वाढतं, फक्त अधूनमधून साधं पाणी भरपूर सोडून साचलेले क्षार खाली जाऊ द्या. आळ्यात तीन-चार इंच पाचोळा पसरा, खोडापासून वीतभर लांब. खताची फार हौस नको. दरवर्षी जूनमध्ये टोपलीभर कुजलेलं शेणखत पुरे. युरिया घातलेला गुलमोहर सरसर लांबतो आणि तेवढाच लवकर मोडतो.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पानं गळून झाड खराट्यासारखं दिसायला लागलं की नवशिके घाबरतात आणि दुप्पट पाणी घालतात. गुलमोहराची ही नेहमीचीच पानगळ आहे. नखाने फांदीची साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड ठीक आहे.

छाटणी

इथे पुढच्या वीस वर्षांचा निकाल लागतो. पहिल्या वर्षी मोडलेली फांदी सोडून काही कापू नका, पानं जितकी जास्त तितकी मुळं वाढतात. दुसऱ्या वर्षीपासून दर फेब्रुवारीत, पानं गळून सांगाडा दिसत असताना, झाडासमोर पाच मिनिटं उभे राहा.

शेंडा एकच आहे ना, हे आधी पाहायचं. दोन सारख्या जाडीच्या फांद्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या चिकटून वर जात असतील तर त्यातली एक काढा. अशा बेचक्यात साल आत दबली जाते, लाकूड जुळत नाही आणि मोठेपणी झाड तिथेच चिरतं. गुलमोहराला ही खोड जन्मजात आहे, त्यामुळे एकदा काढून भागत नाही. खोडाशी रुंद कोन करून आडव्या निघणाऱ्या फांद्या ठेवा, उभ्या चिकटून चाललेल्या काढा. ठेवलेल्या फांद्या सगळ्या एकाच उंचीवरून निघू देऊ नका, एकीपासून दुसरीत फूट-दीड फूट अंतर हवं. बागेत पहिली मोठी फांदी आठ फुटांवर, गाड्यांच्या रस्त्यालगत बारा-चौदा फुटांवर. खालच्या फांद्या मात्र एकदम साफ करू नका, दरवर्षी एक-दोन. सगळी पानं शेंड्याला आणि खाली नुसता दांडा, असं झाड वाऱ्यात टिकत नाही.

कापताना फांदीच्या बुडाशी फुगीर कडं दिसतं, त्याच्या लगेच बाहेर कापा. खोडाला चाटून कापलं तर जखम भरत नाही, खुंट ठेवला तर तो कुजतो. मनगटाएवढी फांदी असेल तर आधी फूटभर पुढे खालून अर्धी चीर द्यायची, मग वरून कापायची आणि राहिलेला खुंट शेवटी काढायचा, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. जखमेवर डांबर फासू नका. भर पावसात छाटणी करू नका, ओल्या जखमेतून बुरशी शिरते.

झाड मोठं झालं की करवत हातात घेण्याआधी कागद लागतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ शहरांतल्या झाडांना लागू आहे, खासगी आवारातल्याही. झाड आपण लावलं म्हणून ते तोडायचा अधिकार आपला होत नाही. फांद्या छाटायच्या असल्या तरी ठाण्यात वृक्ष प्राधिकरणाकडे आणि नवी मुंबईत महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. तो मार्च-एप्रिलमध्येच करा, मेअखेरीस सगळ्या शहराला एकदम जाग येते. ठेकेदाराची माणसं आली की सोबत कुणीतरी थांबा. एका बाजूच्या सगळ्या फांद्या उडवून गेले तर झाड दुसऱ्या बाजूला कलणारच.

मोठ्या झाडाकडे काय पाहायचं

बुंध्याभोवती किमान तीन-चार फूट उघडी माती ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. पेव्हर बसवणाऱ्या कमिटीशी वाद घालताना हा दाखला कामी येतो. केबल किंवा पाइपसाठी बुंध्यालगत चर खणू देऊ नका. एका बाजूची मुळं तुटली की झाडाची त्या बाजूची पकड गेली, आणि हे वरून वर्षभर कळत नाही.

मे महिन्यात बुंध्याशी खाली वाकून एक फेरी मारा. तपकिरी, चकचकीत, अर्धगोल छत्र्या खोडाच्या तळाला चिकटलेल्या दिसल्या तर ती गॅनोडर्मा बुरशी. गुलमोहराला ती हमखास गाठते, मुळं आतून कुजवते, वर फुलं मात्र छान येत राहतात. छत्र्या खुडून उपयोग नाही. पालिकेला कळवा आणि त्या बाजूच्या गाड्या हलवा. झाड अचानक कललेलं, एका बाजूची माती उचललेली किंवा जाड फांदीच्या बेचक्यात ताजी भेग दिसली, तरी तेच करा. खोडावर जाळीसारख्या भुश्श्याचे पट्टे दिसले तर साल खाणारी अळी आहे. जाळी खरवडून बिळात तार घालून अळी काढली की भागतं.

बारीक पानांचा आणि पाकळ्यांचा सडा गच्चीवरच्या पावसाळी पाइपांत जाऊन बसतो. जवळची इमारत असेल तर जूनच्या आधी आणि जुलैत जाळ्या साफ करून घ्या. झाडाखाली रोज गाडी लावणाऱ्यांची कुरकुरही चालू राहील, तिला इलाज नाही.

फुलांची घाई करू नका. बियांपासूनच्या झाडाला पहिली फुलं पाचव्या वर्षी येऊ शकतात, कधी आठ-दहा वर्षंही लागतात. तोवर सावली मिळत असते. मोठं झाड नुसतंच हिरवं राहून फुलत नसेल तर आधी शेजारच्या लॉनचा स्प्रिंकलर बघा. हिवाळ्यानंतर याला कोरडे दिवस हवे असतात. जानेवारी ते एप्रिल त्याच्या मुळांशी पाणी पोचणार नाही अशी सोय करा आणि लॉनला घालायचं खत छत्रीच्या घेराबाहेर ठेवा. शेजारच्या इमारतीची सावली दिवसभर पडत असेल तर मात्र फुलं मागू नका.